बर्किट लसीकार्बुदाचे निदान-संकेतन
बर्किट लसीकार्बुद हे लसीका तंत्रातील (शरीराच्या संरक्षणाशी निगडित असलेल्या ग्रंथी, वाहिन्या व कोशिका यांच्या व्यूहातील) बी कोशिकांपासून उद्‌भवणारे, अत्यंत वेगाने वाढणारे मारक अर्बुद होय. त्यातील कोशिकांची संख्या एक ते दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. उपचार न मिळाल्यास रुग्ण, विशेषतः लहान मूल, काही आठवड्यांतच दगावण्याचा संभव असतो. उलट, योग्य ती तीव्र रासायनी चिकित्सा वेळेवर मिळाली, तर बहुतेक मुले पूर्णपणे बरी होतात. अर्बुदांमध्ये असा टोकाचा फरक क्वचितच आढळतो. त्यामुळे या रोगाचे नाव नेमके काय लिहिले गेले आणि त्या नावाला कोणता संकेतांक मिळाला, या वरवर कारकुनी वाटणाऱ्या प्रश्नाला येथे विशेष महत्त्व आहे.

वैद्याने लिहिलेल्या निदानाचे पूर्वनिश्चित अंकांत वा अक्षरांकांत रूपांतर करण्याच्या पद्धतीस निदान-संकेतन म्हणतात. रोगांच्या व मृत्यूंच्या कारणांची गणना, निरनिराळ्या देशांतील आकड्यांची तुलना, रुग्णालयांतील अभिलेखांचा शोध आणि अलीकडच्या काळात उपचारांच्या खर्चाची प्रतिपूर्ती ही सर्व कामे या संकेतांकांवर चालतात. ज्या रोगाला स्वतःचा अंक नाही, तो ‘इतर’ या सदरात जातो आणि गणनेच्या दृष्टीने जवळजवळ नाहीसा होतो.

मृत्युकारणांची यादी करण्याचा प्रयत्न जुना आहे. लंडनमधील साप्ताहिक मृत्युपत्रकांच्या आधारे जॉन ग्राउंट यांनी १६६२ मध्ये आपले विवेचन प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातील विल्यम फार यांनी या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या सांख्यिकी परिषदेने फार आणि जिनीव्हाचे मार्क देस्पीन यांच्यावर सर्व देशांना चालेल अशी यादी तयार करण्याचे काम सोपविले. दोघांनी दोन वेगवेगळ्या तत्त्वांवर आधारलेल्या याद्या सादर केल्या आणि १८५५ मध्ये पॅरिस येथे १३९ सदरांची एक तडजोडीची यादी मान्य झाली. रोगांची मांडणी शरीरातील स्थानानुसार करावी, हे फार यांचे तत्त्व पुढे टिकून राहिले. झाक बेर्तीयाँ यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे सादर केलेली यादी त्याच तत्त्वाला धरून होती. १९०० मध्ये पॅरिस येथे २६ देशांच्या प्रतिनिधींनी १७९ गटांची सुधारलेली यादी स्वीकारली आणि तेथून दर दहा वर्षांच्या सुमारास तिचे पुनरीक्षण करण्याची प्रथा पडली. १९४८ मध्ये सहाव्या पुनरीक्षणापासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले व मृत्युकारणांबरोबर आजारांचाही त्यात समावेश झाला.

स्थानाचे तत्त्व जठर, स्तन किंवा फुप्फुस यांच्या कर्करोगांना चांगले लागू पडते. लसीका तंत्र मात्र सर्व शरीरभर पसरलेले असल्याने त्याची अर्बुदे कोणत्याही इंद्रियात दिसू शकतात आणि स्थानावरून त्यांची जात कळत नाही. टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लसीका ग्रंथींच्या रोगाचे वर्णन केले. व्हिएन्नाचे विकृतिवैज्ञानिक कुंड्राट यांनी लिंफोसार्कोमाचे (लसीका ऊतकाच्या मांसकर्काचे) वेगळेपण १८९३ मध्ये मांडले. म्हणजे बेर्तीयाँ यांची यादी आणि हे वर्णन एकाच वर्षातले. तथापि दोहोंचा मेळ बसण्यास बराच काळ जावा लागला. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचलित असलेल्या सातव्या पुनरीक्षणात २०० हा क्रमांक लिंफोसार्कोमा व रेटिक्युलोसार्कोमा यांना, २०१ हॉजकिन रोगाला, तर २०४ हा श्वेतकोशिकार्बुदाला (रक्ताच्या कर्करोगाला) दिलेला होता. अस्थींच्या मारक अर्बुदांसाठी १९६, मूत्रपिंडासाठी १८० आणि अंडकोशासाठी (स्त्रीबीज निर्माण करणाऱ्या ग्रंथीसाठी) १७५ असे वेगळे क्रमांक होते. पुढे जो घोटाळा उघडकीस आला, तो समजण्यासाठी हे चार-पाच अंक लक्षात ठेवणे सोयीचे आहे.

डेनिस पार्सन्स बर्किट (२८ फेब्रुवारी १९११–२३ मार्च १९९३) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले शस्त्रक्रियाविशारद होते. लहानपणी झालेल्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. युगांडातील कांपाला येथील मुलागो रुग्णालयात ते काम करीत असताना १९५७ मध्ये ह्यू ट्रोवेल या सहकारी वैद्यांनी त्यांना पाच वर्षांच्या एका मुलाला तपासण्यास बोलाविले. त्याच्या वरच्या व खालच्या जबड्यांना दोन्ही बाजूंनी सूज होती, दात हलत होते आणि चेहरा विद्रूप झाला होता. संसर्ग म्हणावा तर तो एकाच वेळी चार ठिकाणी कसा आणि अर्बुद म्हणावे तरी तोच प्रश्न, असा पेच पडला. थोड्याच आठवड्यांनी जिंजा येथील रुग्णालयात त्यांना तशाच चेहऱ्याचे दुसरे मूल दिसले. त्याच्या पोटातही गाठी होत्या. कांपाल्यास परत आल्यावर बर्किट यांनी जुने अभिलेख चाळण्यास सुरुवात केली. १९५८ मध्ये त्यांनी ३८ रुग्णांची माहिती एका ब्रिटिश शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यांचा सार्कोमा, एवढेच त्या लेखात रोगाला नाव होते. लेखाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

हा रोग नवा नव्हता. युगांडात १८९७ पासून काम करणारे मिशनरी वैद्य अल्बर्ट कुक यांच्या रुग्णालयातील हस्तलिखित टिपणांत अशा मुलांच्या नोंदी पुढे सापडल्या. रोग डोळ्यांसमोर होता, पण नोंदवह्यांत तो विखुरलेला होता. जबड्यात गाठ असेल तर अस्थींचा सार्कोमा, पोटात असेल तर मूत्रपिंडाचे किंवा अंडकोशाचे अर्बुद, डोळ्याजवळ असेल तर दृष्टिपटलाचे अर्बुद, अशी ज्याने त्याने आपल्या शाखेप्रमाणे नावे दिली होती. आंतरराष्ट्रीय यादीच्या भाषेत सांगायचे, तर एकाच रोगाची मुले १९६, १८०, १७५ व २०० अशा दूरदूरच्या क्रमांकांखाली विभागली जाण्याची सोय त्या यादीतच होती. प्रत्येक सदरात थोडीथोडी मुले पडल्यामुळे कोठल्याच सदरातील आकडा डोळ्यांत भरण्याजोगा झाला नाही.

विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याचे श्रेय मुख्यतः कांपाल्याच्या विकृतिविज्ञान विभागाकडे जाते. तेथे जॅक डेव्हिस यांच्या पुढाकाराने १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभापासून कर्करोग नोंदणी चालू होती. डेव्हिस आणि अमेरिकन विकृतिवैज्ञानिक ग्रेगरी ओकॉनर यांनी मुलांच्या मारक अर्बुदांची काचपट्ट्यांवरील ऊतके पुन्हा तपासली. नोंदीवरील नाव बाजूला ठेवून केवळ सूक्ष्मदर्शकाखालील चित्र पाहिल्यावर त्यांना सुमारे निम्म्या मुलांत एकच प्रकार आढळला व तो लसीकार्बुदाचा होता. हे निष्कर्ष १९६० व १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. या अर्बुदात एकसारख्या गडद कोशिकांच्या दाट थरामध्ये मृत कोशिकांचे अवशेष गिळणाऱ्या फिकट, मोठ्या भक्षक कोशिका विखुरलेल्या असतात. त्यामुळे रात्रीच्या आकाशातील चांदण्यांचा भास होतो आणि ‘तारकांकित आकाश’ हे वर्णन रूढ झाले.

रोगाच्या भौगोलिक प्रसाराचा शोध घेण्यासाठी बर्किट यांनी प्रथम आफ्रिकेतील रुग्णालयांना छायाचित्रांसह पत्रके पाठविली. नंतर १९६१ च्या अखेरीस एड्वर्ड विल्यम्स व क्लिफर्ड नेल्सन या दोन वैद्यांसह एका जुन्या फोर्ड गाडीतून त्यांनी दहा आठवड्यांत सु. १६,००० किमी. प्रवास केला. त्यातून विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस पसरलेला एक पट्टा स्पष्ट झाला. उंच, थंड वा कोरड्या प्रदेशांत रोग जवळजवळ दिसत नव्हता. या मर्यादा पाऊस, तापमान आणि पर्यायाने हिवताप यांच्याशी जुळत होत्या. मार्च १९६१ मध्ये लंडन येथे बर्किट यांनी दिलेले व्याख्यान ऐकून अँटनी एपस्टाइन यांनी कांपाल्याहून ऊतकाचे नमुने विमानाने मागविण्यास आरंभ केला. बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांच्यासह त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने शोधलेल्या विषाणूचे वृत्त १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी कर्करोगाशी संबंध जोडला गेलेला हा पहिला विषाणू होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला १९९७ मध्ये निश्चित कर्करोगकारकांत गणले; तीव्र प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांतील फाल्सिपेरम हिवतापाला २०१२ मध्ये संभाव्य कारकांत स्थान मिळाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने विकृतिवैज्ञानिकांच्या एका गटाने १९६९ मध्ये या अर्बुदाची ऊतकवैज्ञानिक व्याख्या निश्चित केली. कोठल्याही इंद्रियात सापडले तरी ऊतकाचे चित्र असे असेल तर हेच नाव द्यावे, असे आता ठरले. व्याख्या झाल्यावर अंक मिळणे सोपे होते. १९७५ मध्ये संमत झालेल्या व १९७९ पासून वापरात आलेल्या नवव्या पुनरीक्षणात २००·२ हा संकेतांक बर्किट अर्बुदाला मिळाला. पहिल्या लेखापासून स्वतंत्र अंकापर्यंत सु. वीस वर्षे लागली. एकाच व्यक्तीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व मुख्यतः गरीब देशांतील मुलांना होणाऱ्या रोगाच्या बाबतीत हा काळ फार मोठा म्हणता येणार नाही.

याच सुमारास संकेतनाच्या पद्धतीतही मूलभूत बदल झाला. अर्बुदाचे स्थान आणि त्याची ऊतकरचना या दोन गोष्टी एकाच अंकात कोंबण्याऐवजी त्यांना दोन वेगळे अंक द्यावेत, ही कल्पना अमेरिकेतील १९५१ च्या अर्बुद-नामावलीत व विकृतिवैज्ञानिकांच्या १९६५ च्या नामावलीत आली होती. तिच्याच आधारे जागतिक आरोग्य संघटनेने १९७६ मध्ये कर्करोगविज्ञानासाठी स्वतंत्र वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात बर्किट अर्बुदाचा रचनांक ९७५०/३ असा होता व दुसऱ्या आवृत्तीपासून (१९९०) तो ९६८७/३ झाला. तिरप्या रेषेपुढील ३ हा अंक अर्बुद मारक असल्याचे दर्शवितो. जबड्यातील आणि मूत्रपिंडातील अर्बुदांचे स्थानांक वेगळे असले, तरी रचनांक एकच राहतो. कांपाल्यातील मुले ज्या दोषामुळे विखुरली गेली होती, तो दोष या युक्तीने दूर झाला. कर्करोग नोंदणी केंद्रे मुख्यत्वे हीच पद्धत वापरतात. मृत्युनोंदणीची कार्यालये मात्र एका मृत्यूस एकच मूळ कारण देतात आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय यादीतील एकच संकेतांक वापरतात.

दहावे पुनरीक्षण मे १९९० मध्ये संमत झाले. त्यात अंकांच्या आधी रोमन अक्षर आले आणि बर्किट अर्बुदाला सी८३·७ हा संकेतांक मिळाला. त्या वेळी सी८३ हे सदर विसृत (गाठींच्या रूपात न मांडलेल्या) नॉन-हॉजकिन लसीकार्बुदांचे होते व त्याचे पोटविभाग कोशिकांचा आकार पाहून पाडले होते. ही मांडणी १९८२ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका तडजोडीच्या वर्गीकरणाच्या वळणाची होती. १९९४ मध्ये यूरोपीय व अमेरिकन विकृतिवैज्ञानिकांनी आणि २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोशिकांचा उगम व जननिक दोष यांवर आधारलेले नवे वर्गीकरण स्वीकारले, तेव्हा संकेतांकांची जुनी यादी मागे पडली. एकाच संघटनेचे विकृतिवैज्ञानिक एक भाषा व सांख्यिकीकार दुसरी भाषा बोलत होते, असे काही वर्षे घडले. २०१० च्या आवृत्तीत सी८३ ची फेररचना झाली. सी८३·३ हा विसृत मोठ्या बी कोशिकांच्या लसीकार्बुदाला दिला गेला आणि सी८३·७ चे शीर्षक बर्किट लसीकार्बुद असे झाले. अंक न बदलता त्याचा शेजार बदलला, असे याचे वर्णन करता येईल.

रोगाचे दुसरे रूप रक्तात दिसते. अस्थिमज्जा व रक्त यांत याच कोशिका मोठ्या प्रमाणात आढळल्यास त्याला श्वेतकोशिकार्बुद म्हणण्याची रीत होती आणि १९७६ च्या फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश वर्गीकरणात ते तीव्र लसीकाजनक श्वेतकोशिकार्बुदाचा तिसरा प्रकार (एल३) मानले गेले. साहजिकच त्याचा संकेतांक रक्ताच्या कर्करोगांत, सी९१ खाली पडे. गुणसूत्रांच्या अभ्यासाने ही सीमारेषा कृत्रिम ठरविली. १९७२ मध्ये मानोलॉव्ह व मानोलोव्हा यांना बर्किट अर्बुदात चौदाव्या गुणसूत्रावर जादा पट्टा आढळला. तो आठव्या गुणसूत्रावरून आलेला तुकडा असल्याचे १९७६ मध्ये दिसून आले व १९८२ मध्ये त्या तुकड्यात कोशिकांच्या वाढीचे नियंत्रण करणारा ‘मिक’ हा जीन असल्याचे समजले. गाठीतील व रक्तातील कोशिकांत दोष तोच होता. तरीही दहाव्या पुनरीक्षणाच्या सुधारित आवृत्तीत रक्तातील रूपाला सी९१·८ असा वेगळा संकेतांक आहे. अकराव्या पुनरीक्षणात दोहोंना एकाच शीर्षकाखाली आणले आहे.

अधिक गंभीर अडचण एड्समुळे निर्माण झाली. एचआयव्हीबाधित प्रौढांत बर्किट लसीकार्बुदाचे प्रमाण वाढल्याचे १९८० नंतरच्या दशकात लक्षात आले. दहाव्या पुनरीक्षणात अशा रुग्णांसाठी बी२१·१ (बर्किट लसीकार्बुदात परिणती झालेला एचआयव्ही रोग) हा संकेतांक ठेवला आहे. मूळ कारण शोधण्याच्या नियमाप्रमाणे असा मृत्यू कर्करोगाच्या प्रकरणात न मोडता संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणात मोडतो. नियम तर्काला धरून आहे, कारण एचआयव्ही नसता तर अर्बुद बहुधा झाले नसते. परंतु केवळ सी८३·७ खालील मृत्यू मोजणाऱ्या अभ्यासकाच्या हाती, विशेषतः पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत, अपुरा आकडा येतो. कर्करोग नोंदणीत हाच रुग्ण ९६८७/३ म्हणून नोंदला जात असल्याने एकाच प्रदेशातील दोन अधिकृत तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर असतात, हे वाचकाच्या ध्यानी सहसा येत नाही.

संकेतन करणाऱ्याला निदान करण्याचा अधिकार नसतो. वैद्याने जे शब्द लिहिले असतील त्यांनाच त्याने अंक द्यावयाचा असतो. ‘लसीकार्बुद’ एवढेच लिहिले असेल, तर सी८५·९ (प्रकार अनिर्दिष्ट) हा अंक पडतो. ‘खालच्या जबड्याचा कर्करोग’ असे लिहिल्यास सी४१·१ आणि नुसती ‘जबड्याची गाठ’ असे लिहिल्यास अनिश्चित स्वरूपाच्या अर्बुदांतील डी४८·० मिळतो. जीवोतक परीक्षेची (जिवंत ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीची) सोय नसलेल्या ठिकाणी वैद्याला याहून अधिक लिहिता येत नाही. म्हणजे १९५७ पूर्वीची विखुरलेली स्थिती अंशतः आजही शिल्लक आहे. फरक एवढाच, की आता ती यादीच्या रचनेतून न येता तपासणीच्या अभावातून येते.

भारतात बर्किट लसीकार्बुद तुरळक स्वरूपात आढळते. लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत भारतीय कर्करोग संस्थेने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या नेतृत्वाखाली १९६० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू केली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०–९० च्या दशकाच्या प्रारंभी अस्तित्वात आला. ग्रामीण भागातील पहिले नोंदणी केंद्र १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे निघाले. या केंद्रांतील कर्मचारी रुग्णालये, विकृतिविज्ञान प्रयोगशाळा व मृत्युनोंदणी कार्यालये येथे स्वतः जाऊन माहिती गोळा करतात. ग्रामीण केंद्राला तर गावोगाव फिरून संशयित रुग्ण शोधावे लागतात. मात्र प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत नॉन-हॉजकिन लसीकार्बुदे सामान्यतः एकाच ओळीत दिली जातात. त्यामुळे मूळ नोंदीत रचनांक असूनही बर्किट प्रकार वेगळा काढण्यासाठी अभ्यासकाला केंद्राच्या संचिकेपर्यंत जावे लागते. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये आहे; परंतु देशातील सर्व मृत्यूंना असे प्रमाणपत्र मिळत नाही.

विसृत मोठ्या बी कोशिकांचे लसीकार्बुद आणि बर्किट लसीकार्बुद यांच्यामधील सीमा हा अजूनही वादाचा विषय आहे. ‘बर्किटसदृश’ हे १९९४ मधील तात्पुरते नाव, २००८ मधील ‘दोहोंच्या मधले’ असे सदर आणि २०१७ मधील ‘उच्च श्रेणीचे बी कोशिका लसीकार्बुद’ ही सर्व त्या सीमेवर केलेल्या तडजोडींची नावे होत. जीनांच्या आविष्काराचे मापन करून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत मोठ्या कोशिकांचे लसीकार्बुद असे निदान झालेली काही अर्बुदे जननिक दृष्ट्या बर्किट प्रकारची असल्याचे दिसून आले. हा शब्दच्छल नव्हे. मोठ्या कोशिकांच्या अर्बुदांना दिली जाणारी नेहमीची औषधयोजना बर्किट प्रकाराला पुरी पडत नाही. त्यात अधिक तीव्र औषधयोजना व मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणांतील द्रवात औषध देणे आवश्यक असते. चुकीच्या नावाने उपचार सुरू झालेल्या रुग्णाला चूक सुधारण्यास वेळ मिळतोच असे नाही.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या पुनरीक्षणाची आपली विस्तारित आवृत्ती रुग्णालयांसाठी लागू केली. तीत सी८३·७ पुढे आणखी एक अंक लिहून कोणत्या भागातील लसीका ग्रंथी बाधित आहेत ते दर्शवितात. रोग ओसरलेल्या अवस्थेसाठी २०२४ मध्ये वेगळे अक्षरही जोडले गेले. अकरावे पुनरीक्षण मे २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आले. त्यात बर्किट लसीकार्बुदाचा संकेतांक २ए८५·६ असून मुख्य संकेतांकाला पूरक संकेतांक जोडून अधिक तपशील देण्याची सोय आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाचव्या वर्गीकरणाने प्रदेशनिष्ठ, तुरळक व प्रतिरक्षान्यूनताजन्य हे जुने तीन भेद बाजूला सारून एपस्टाइन-बार विषाणू अर्बुदात आहे किंवा नाही, यावर भर द्यावा असे सुचविले आहे. अनेक देशांच्या मृत्युनोंदणीत मात्र दहावे पुनरीक्षणच चालू असल्याने सी८३·७ व २ए८५·६ हे दोन्ही संकेतांक काही काळ बरोबरीने वापरात राहतील.